अभय आणि हवेचं जाकीट

घोडा शिकायला मुलं पाठवणारे आईवडील हल्ली मला एक नवा प्रश्न विचारतात. हवेचं जाकीट घ्यावं का, आणि घ्यायचं तर कसलं? लष्करातल्या घोडदळात उमेदीची वर्षं काढून मी साताऱ्याला परतलो, थोडी घोडी पाळली आणि शिकवायला लागलो. त्यामुळं या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या कामातलंच आहे. उरलेल्या अर्ध्या उत्तरानं मात्र मला ज्ञानेश्वरीपाशी नेलं. माझे थोरले बंधू अण्णा यांनी जाकिटावर घेतलेला आक्षेप किमतीचा नव्हता, श्रद्धेचा होता. आणि तो असा होता की मला बसून विचार करावा लागला.

आधी जाकीट म्हणजे काय ते सांगतो. बिनबाह्यांच्या बंडीसारखा तो अंगरखा असतो. त्याच्या आत हवेचे कप्पे असतात. ते मानेभोवती, पाठीच्या कण्यावर, बरगड्यांवर आणि चांगल्या बनावटीत माकडहाडापर्यंत पोचतात. पुढच्या बाजूला एका खिशात कार्बन डायऑक्साइड वायूचं लहान नळकांडं बसवलेलं असतं. जाकिटापासून एक दोरी निघते आणि खोगिराच्या पुढच्या कडीला अडकवली जाते. स्वार खोगिरातून उडाला की दोरी ताणते, चावी सुटते, आतली सुई नळकांडं फोडते आणि पाव सेकंदाच्या आसपास सगळे कप्पे टणक फुगतात. माणूस जमिनीवर आदळायच्या आत हे झालेलं असतं. थोड्या वेळानं हवा आपोआप निघून जाते. नवं नळकांडं घातलं की जाकीट पुन्हा तयार. ही कल्पना मुळात मोटारसायकलवाल्यांसाठी निघाली. जपानच्या हिट-एअरनं ती रूढ केली, फ्रान्सची हेलाइट आणि इंग्लंडची पॉइंट टू अशा कंपन्यांनी ती घोडेस्वारांमध्ये पसरवली. आता दोरी नसलेली, पडणं ओळखणाऱ्या यंत्रावर चालणारी जाकिटंही निघाली आहेत. परदेशी बनावटीचं जाकीट आपल्याकडं घरी येईपर्यंत दुभत्या म्हशीच्या किमतीला भिडतं.

अण्णा वाळवा तालुक्यात राहतात, पेठ नाक्यापासून थोड्या अंतरावर. घरात आजोबांपासून माळ आहे, आषाढी चुकत नाही. त्यांची नात सुट्टीत माझ्याकडं येते. दुडकी चाल झाली, भरधाव झाली, आता तिला अडथळ्यांवरून उड्या मारायच्या आहेत. मी म्हटलं, उड्या सुरू करायच्या तर जाकीट घेऊ. अण्णा गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, ज्या रस्त्यानं दरसाल माउलींचा घोडा जातो त्या रस्त्यावर आपलं घर. पोरीच्या गळ्यात माळ आहे. वर हे कवच चढवायचं म्हणजे माळेवर भरवसा नाही असंच झालं की."

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही पंढरीला चालत जाता तेव्हा रक्तदाबाची गोळी तुमच्या पिशवीत असतेच ना?"

"गोळी आजाराला आहे. आजार आलेला आहे. पोर अजून पडलेली नाही. न आलेल्या संकटाची तयारी करत बसायचं म्हणजे देवानं दिलेल्या आजच्या दिवसावर अविश्वास."

हा मुद्दा हलका नाही. आलेल्या दुखण्यावर इलाज करणं आणि न आलेल्याच्या भीतीनं अंगावर थर चढवत जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे अण्णांचं म्हणणं खरंच आहे. भीतीला शेवट नसतो. आज जाकीट, उद्या त्यावर आणखी काही, परवा घोडाच नको. मुलांना घोड्यावर बसवून पाठोपाठ धावणारे, दर पावलाला ओरडणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलांच्या हातातला लगाम कायम ताणलेला असतो आणि ताणलेल्या लगामामुळं घोडा बिथरतो. भीती अशी स्वतःच संकट ओढून आणते. म्हणून अण्णांना 'तुमचं जुनं झालं' असं म्हणून मोकळं होणं मला पटलं नाही.

माउलींच्या घोड्याचं अण्णा बोलले, त्यापासूनच सुरुवात करतो. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व दर वर्षी ज्येष्ठात निघतात. मिरज, सांगलवाडी, पेठ नाका करत कराड-साताऱ्याच्या बाजूनं पायी आळंदीला पोचतात. पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की लोणंदनंतर तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि मधल्या वाटेनं हे दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, त्याच्या हाती पताका. दुसऱ्या घोड्यावर खोगीर असतं, पण माणूस नसतो. त्यावर माउली बसलेले असतात, असं तिथं उभा असलेला प्रत्येक जण मानतो. घोडे गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात. मीही वाकतो. घोड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला ते मोकळं खोगीर भरधाव जाताना पाहून काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. रिकाम्या खोगिराचा घोडा आमच्या पेशात एकाच वेळी दिसतो, स्वार पडल्यावर. इथं मात्र तो घोडा सगळ्यात भरलेला असतो.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन घोड्यांत सापडलं. माउलींच्या अश्वावरच्या स्वाराला देह नाही, म्हणून त्याला पडणं नाही. त्याच्या जोडीनं धावणाऱ्या घोड्यावर हाडामासाचा माणूस आहे. एका हातात पताका, दुसऱ्या हातात लगाम, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. त्याला तंग नीट आवळावा लागतो, रिकिबीत पंजाच ठेवावा लागतो, मांड घट्ट ठेवावी लागते. त्यानं 'शेजारी माउली आहेत, तंग कशाला बघू' असं म्हटलं तर कुठलाही वारकरी त्याला भक्त म्हणणार नाही. दोन्ही घोडे एकाच रिंगणात धावतात, पण दोघांचे नियम वेगळे आहेत. आपली पोर स्वाराच्या घोड्यावर आहे, अण्णा. आपण सगळेच स्वाराच्या घोड्यावर आहोत.

हा सोहळा बांधणारा माणूसही आमच्याच जिल्ह्यातला. सातारा तालुक्यातल्या आरफळचे हैबतबाबा. शिंद्यांच्या पदरी सरदार होते, सगळं सोडून आळंदीला आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या रूपातला पालखी सोहळा त्यांनी उभा केला. रथापुढं २७ दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली, मुक्काम ठरलेले, चोपदारानं दंड उंचावला की हजारो माणसं एका क्षणात शांत. फौजेत राहिलेल्या माणसाला ही शिस्त कुठून आली ते लगेच कळतं. हैबतबाबांनी तलवार ठेवली, तजवीज ठेवली नाही. उद्याचा मुक्काम, उद्याचं पाणी, उद्याची वाट यांचा विचार केल्याशिवाय एवढी माणसं पंढरपूरला पोचत नाहीत. वारी म्हणजे न आलेल्या दिवसाची तयारीच आहे आणि ती देवावरच्या अविश्वासातून झालेली नाही.

तरीही अण्णांचा मूळ मुद्दा शिल्लक राहतो. भय सुटणं हेच जर धर्माचं फळ असेल तर भयापोटी घेतलेलं कवच त्या फळाच्या आड येत नाही का? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे २६ गुण सांगितले आहेत आणि त्यांत पहिला मान अभयाला आहे. त्यावर ज्ञानेश्वर महाराज काय म्हणतात ते मी अण्णांच्याच घरच्या पोथीत पुन्हा काढून वाचलं. माझी अपेक्षा होती की अभय सांगताना ते रणांगणावरच्या शूराचा दाखला देतील. त्यांनी दिलेला पहिला दाखला महापुराचा आहे. जो महापुरात स्वतःला लोटत नाही, त्याला बुडण्याची धास्ती शिवत नाही. लगेच दुसरा दाखला पथ्याचा. ज्या घरात पथ्य पाळलं जातं, त्या घरात रोगाचं भय कोणी बाळगत नाही.

पथ्य हे न आलेल्या दुखण्यासाठीच असतं. अण्णांनी गोळी आणि जाकीट यांत जी रेघ ओढली होती, ती माउलींनी ओढलेली नाही. त्यांच्या सांगण्यात आधी काळजी घेणं आणि निर्भय असणं एकमेकांच्या विरोधात उभे राहत नाहीत. उलट पथ्य पाळल्यामुळं मन मोकळं होतं. पथ्य पाळणारा दिवसभर रोगाचा विचार करत नाही, कारण करायचं ते त्यानं केलेलं असतं. माझ्या पागेत हेच रोज दिसतं. ज्या मुलानं निघण्याआधी तंग तपासला, खूर पाहिले, टोपीचा पट्टा आवळला, तो घोड्यावर बसला की पुढं बघतो. ज्यानं काहीच पाहिलं नाही तो एक तर बेफिकीर असतो, नाही तर सारखा खाली वाकून बघत बसतो.

महापुराचा दाखला आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायकापोरांसह कितीतरी जीव गेले. बोटीत माणसं जास्त झाली होती, अंगात तरंगणारी जाकिटं नव्हती. त्या बोटीतल्या माणसांनी स्वतःला पुरात लोटलं नव्हतं, पूरच त्यांच्या दारात आला होता. त्यांच्या श्रद्धेत काही उणं होतं असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही आणि होऊही नये. पण तेव्हापासून आमच्या भागात बोटीत चढणाऱ्याला कोणी जाकीट दिलं तर 'कृष्णामाईवर विश्वास नाही का' असं कोणी विचारत नाही. पाण्यातल्या जाकिटाला जो न्याय, तो घोड्यावरच्या जाकिटाला का नाही, हे मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "पूर आपण मागितला नव्हता. घोड्यावर बसायचं पोरगी मागतीय. माउली म्हणतात पुरात उडी घेऊच नको. मग घोड्यावर बसूच नको, हे त्यातून निघतं."

हेही बिनतोड वाटलं. पण असा अर्थ लावला तर मोटारसायकल नको, विहिरीत पोहणं नको, शेतातलं रात्रीचं पाणी धरणं नको. ज्ञानेश्वरांनी दोन दाखले शेजारी ठेवले आहेत आणि दोन्ही मिळून वाचायला हवेत. जिथं आपलं काही काम नाही, नुसती मस्ती आहे, तिथं उडी घेऊ नये. जिथं जगायचंच आहे तिथं पथ्यानं जगावं. अन्न सोडा असं पथ्य सांगत नाही. घोडेस्वारी ही महापुरातली उडी आहे की पथ्यानं खायचं अन्न आहे, हे स्वारावर ठरतं. डोक्याला टोपी न घालता, न ओळखीच्या घोड्यावर, मोबाइलवर चित्रण चालू ठेवून भरधाव सुटणारा पुरात उडी घेतो. तोच घोडा, तेच मैदान, पण वर्षभर मांड पक्की करून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, अंगावर योग्य साधन घेऊन उडी मारणारी मुलगी पथ्यानं चालली आहे.

आमच्याकडच्या तरुणांचा आक्षेप अण्णांच्या उलट बाजूनं येतो. ते देवाचं नाव घेत नाहीत, मर्दानगीचं घेतात. मावळ्यांनी कुठं जाकिटं घातली होती, असं म्हणतात. मी त्यांना साताऱ्याच्याच मातीतला प्रतापगड दाखवतो. १० नोव्हेंबर १६५९ ला शिवाजी महाराज अफजलखानाच्या भेटीला निघाले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं आणि डोक्याला मंदिलाखाली लोखंडी टोप. महाराजांची भवानीवरची निष्ठा कुणापेक्षा कमी होती? पुढं दोन वर्षांत त्याच गडावर त्यांनी देवीची स्थापना केली. देवीवर पूर्ण भार टाकलेला माणूस चिलखताच्या कड्या तपासून निघाला होता, आणि त्या दिवशी चिलखत कामाला आलं. समर्थ रामदास याच जिल्ह्यात चाफळला आणि सज्जनगडावर राहिले. यत्नाला त्यांनी देवाच्या पंगतीला बसवलं, तेही याच अर्थानं. करायचं ते नेटानं करणं ही त्यांच्या लेखी उपासनाच होती.

मग कोणी नेसरीचं नाव काढतं. खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे सरनोबत प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ ला सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण पडले. बहलोलखान हाती आला असताना त्याला सोडल्याबद्दल महाराजांचे कठोर शब्द त्यांच्या जिव्हारी लागले होते. त्या उडीपुढं मी मान लववतो. घोडदळात राहिलेल्या कुणालाही नेसरी ऐकली की गळा दाटून येतो. पण तिला नियम मानू नये. महाराजांचा राज्याभिषेक तोंडावर होता, साडेतीन महिनेही उरले नव्हते, आणि ६ जूनला रायगडावर स्वराज्याचा सरनोबत म्हणून प्रतापराव उभे नव्हते. कऱ्हाडजवळच्या तळबीडचे हंबीरराव मोहिते त्या जागी आले. प्रतापरावांनी मरण पत्करलं ते अब्रूपायी, स्वामीपायी. मैदानात रविवारी सकाळी कुणाला दाखवण्यापायी टोपी न घालणाऱ्या पोरानं त्यांचं नाव घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो आणि त्या पोराला त्या दिवशी घोडा देत नाही.

इथवर मी जाकिटाच्या बाजूनं बोललो. पण ज्ञानेश्वर पथ्याच्या दाखल्यावर थांबत नाहीत. पुढं ते म्हणतात की कर्म करताना अहंकाराला डोकं वर काढू न देणं आणि त्यायोगे संसाराची धास्ती टाकणं, हे अभय. हा भाग मला जाकिटासंबंधानं जास्त महत्त्वाचा वाटतो. जाकीट अंगात आलं की अहंकार कसा डोकं वर काढतो ते मी पाहिलं आहे. काल ज्या अडथळ्यापुढं मूल स्वतःहून थांबत होतं, आज तोच अडथळा 'काका, आणखी वर करा' म्हणतं. त्याची मांड कालचीच आहे, घोडा कालचाच आहे. वाढली आहे ती छातीवरच्या नळकांड्याची हिंमत, आणि ती त्याची स्वतःची नाही. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या स्पर्धांत २०१५ ते २०१७ या काळात जे स्वार पडले, त्यांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं साधं छातीकवच घालणाऱ्यांपेक्षा त्यावर हवेचं जाकीट चढवणाऱ्यांत पडल्यानंतरच्या गंभीर दुखापतींचं प्रमाण जास्त दिसलं. जाकिटामुळं दुखापत होते असं त्यावरून सिद्ध होत नाही. अवघड वाटेनं जाणारेच जाकीट जास्त घालत असतील, हेही कारण असू शकतं. पण एवढं नक्की, की जाकीट घातलं म्हणजे अभय मिळालं असं समजणाऱ्याला ती आकडेवारी पाठीशी घालत नाही.

जाकिटाची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. स्वार घोड्यापासून वेगळा झाला तरच दोरी ताणते. घोडा अडथळ्यात अडकून स्वारासकट कोलमडला तर दोघं बरोबरच खाली येतात, दोरी ताणायला वेळ लागतो किंवा ती ताणतच नाही. वरून चार-पाचशे किलोचं जनावर येतं. तेवढा भार हवेचे कप्पे पेलत नाहीत. डोक्याला तर त्यांचा काहीच आधार नाही. सुपरमॅन झालेले नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये अमेरिकेत अशाच एका उडीच्या स्पर्धेत घोडा अडल्यावर डोक्यावर पडले, मानेचा कणा मोडला आणि मरेपर्यंत लुळे राहिले. त्यांच्या डोक्यावर टोपी होती, अंगात छातीकवच होतं. सगळं पथ्य पाळूनही दुखणं येऊ शकतं. तिथं पथ्याचा हिशेब संपतो आणि अण्णांची श्रद्धा सुरू होते. तिची जागा तीच आहे. पथ्याच्या ऐवजी तिला उभं करू नये, आणि पथ्य पुरं पडेल या भ्रमात तिला घरातून घालवूनही देऊ नये.

अभयाचा तिसरा दाखला अण्णांनीच मला वाचून दाखवला. मिठाला बुडवायला पाणी येतं, तोवर मीठच पाणी होऊन जातं. मग बुडणार कोण? दुसरं उरलंच नाही की भय उरत नाही. अण्णा म्हणाले, "हे खरं अभय. बाकीचं सगळं पायरीचं बोलणं." मी मान्य केलं. ती मोकळ्या खोगिराची गोष्ट आहे. ज्याला ती अवस्था आली त्याला जाकीट विचारायला जाऊ नये. पण आपल्या नातीला ती आली असं समजून तिला घोड्यावर बसवणं म्हणजे आपली श्रद्धा दुसऱ्याच्या हाडांवर तोलणं आहे. स्वतःच्या जिवावर कोणी काय पत्करावं हा त्याचा आणि देवाचा प्रश्न. मुलाच्या जिवावर ते पत्करायचा अधिकार आजोबालाही नाही आणि शिकवणाऱ्यालाही नाही. यावर अण्णा काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "मग घोड्याचं काय? त्याला कुठलं जाकीट?"

या प्रश्नानं मला लाज वाटली नाही, आनंद झाला. कारण तोच खरा वारकऱ्याचा प्रश्न आहे. पडण्याची जोखीम स्वार स्वतःहून घेतो. घोड्याला कोणी विचारत नाही. सांगली-कोल्हापूरकडं घोडागाडीच्या शर्यतीत डांबरी रस्त्यावर घोडी पळवतात, खुरांचे आणि सांध्यांचे हाल होतात, ते मला बघवत नाही. जाकीट घालून चाबूक जोरात चालवणारा स्वार सुरक्षित असेल, पण त्याच्या सुरक्षिततेत धर्म नाही. जाकिटाचाही घोड्याला एक त्रास आहे. नळकांडं फुटताना मोठा आवाज होतो, घोडा दचकून पळतो आणि पडलेल्या स्वाराजवळून पळताना टाप बसू शकते. म्हणून नवं जाकीट आलं की मी ते आधी घोड्यापासून लांब, मग हळूहळू जवळ नेऊन फोडून दाखवतो. एक-दोन नळकांडी त्यात खर्ची पडतात. तो खर्च घोड्याचा हक्क आहे.

आता कामाचं. पैसे थोडे असतील तर आधी चांगली टोपी घ्या, घोडेस्वारीसाठी तपासलेली, हनुवटीचा पट्टा पक्का असलेली. एकदा जोरात आपटलेली टोपी वरून धड दिसली तरी पुन्हा वापरू नका. मग टाचेचे बूट, म्हणजे पाय रिकिबीत आरपार जाऊन अडकणार नाही. त्यानंतर साधं फोमचं छातीकवच. त्यावर ईएन १३१५८ या युरोपीय मानकाचा शिक्का पाहा, उड्या मारणाऱ्यासाठी वरच्या, म्हणजे तिसऱ्या पातळीचं घ्या. हवेचं जाकीट शेवटी. उड्यांच्या वेळी ते छातीकवचावरून घालायचं. त्याची तपासणी सात्रा एम३८ या मानकानं झालेली असली तर उत्तम. जाकीट छातीच्या आणि पाठीच्या मापाचं हवं. मूल वाढेल म्हणून मोठं घेऊ नका, कारण सैल जाकीट फुगलं की वर सरकतं. घट्ट कपड्याच्या किंवा चेन लावलेल्या कोटाच्या आत ते घालू नका, फुगायला जागा लागते. नळकांडं त्या जाकिटाला सांगितलेल्या मापाचंच हवं, त्याची मुदत पाहा, एक जादा जवळ ठेवा. दोरीची लांबी अशी ठेवा की रिकिबीत उभं राहिलं तरी ती ताणू नये, आणि उतरायच्या आधी दोरी सोडायची सवय जिने चढ-उतार करण्याइतकी अंगवळणी पडू द्या. वापरलेलं जाकीट विकत घेत असाल तर त्याचे कप्पे एकदा फुगवून बघा.

आणि अडथळ्याची उंची जाकिटाकडं बघून कधीही वाढवू नका. ती स्वाराची मांड आणि घोडा बघून वाढते. माझ्या पागेत हा एक नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला मी घरी पाठवतो.

नातीचं जाकीट आलं. पैसे अण्णांनी दिले. जाकीट घालण्याआधी माळेवर हात ठेवायचा, असं त्यांनी तिला सांगितलं आहे. मला त्यात काही खटकत नाही. आमचं सगळं पटलं असं नाही. न आलेल्या संकटाचा विचार वाढत गेला तर माणूस देवाला विसरतो, हे अण्णा अजूनही म्हणतात, आणि मुलांना शिकवताना ते मी लक्षात ठेवतो.

वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना हवेचं जाकीट कधी घ्यावं लागणार नाही. पण पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावापाशी तुम्ही मुलाला कधी ना कधी घोड्यावर बसवाल. तेव्हा आधी टोपी मागा. टोपी मिळाली तर भाड्यात घासाघीस करू नका, त्या घोड्याचा चारा त्यातूनच येतो. टोपी नसेल तर मुलाला घोड्याशेजारी उभं करा, त्याच्या मानेवरून हात फिरवू द्या, फोटो काढा, घोडेवाल्याला फेरीचे पैसे द्या आणि पुढं चला.